वचनाची उजळणी



आजच्या भाषणाचा विषय तसा लहान आहे, आणि तो एका लहान समाजाच्या घरातला आहे. कॅथलिक ख्रिस्ती समाजातील संसारी माणूस, म्हणजे जो धर्मगुरू नाही, मठात राहत नाही, बायकामुलांत नांदतो व पोटापाण्याचा उद्योग करतो, असा माणूस देवाला काही वचन देतो. आणि एकदा दिलेले ते वचन तो वर्षावर्षाला पुन्हा देतो. हे पुन्हा देणे कशासाठी, एवढाच प्रश्न मी आपणापुढे मांडणार आहे. मी धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. जुन्या अकरावीची परीक्षा उतरून व अध्यापनाचे शिक्षण घेऊन मी मास्तर झालो, आणि नोकरीची बहुतेक वर्षे जव्हार व मोखाडा ह्या दोन तालुक्यांतील शाळांत काढली. जन्माने मी वसईकडचा ख्रिस्ती. तेव्हा जे काही सांगेन ते मास्तराच्या बुद्धीने सांगेन. त्यात चूक आढळली तर ती माझ्या धर्माची समजू नये.

मास्तराला अशा वेळी एक शब्द हाताशी असतो, तो म्हणजे उजळणी. आपण पाढ्यांची उजळणी म्हणतो. परंतु शब्द मूळचा उजळण्याचा, म्हणजे घासूनपुसून लख्ख करण्याचा. तांब्याचा हंडा काळा पडला म्हणून कोणी नवा घेत नाही. तोच चिंच लावून घासतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी श्रावणीच्या दिवशी जुने जानवे उतरवून नवे घालण्याची चाल आहे. मुंज काही दर वर्षी होत नाही. ती एकदाच झाली. तरीही श्रावणी करावी लागते. वारकऱ्याची तुळशीची माळ पाहा. ती एकदा गळ्यात पडली म्हणजे जन्माची. पण वारी मात्र वर्षाला करावयाची. माळ तुटली, तर ती ओवून पुन्हा गळ्यात घालीपर्यंत निष्ठावंत वारकरी अन्नाला शिवत नाही. ही उदाहरणे मी कॅथलिकांची रीत आपणांस परकी वाटू नये म्हणून देत आहे. दोन्हींचा अर्थ एकच, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही.

आता आमची रीत सांगतो. कॅथलिक घरात मूल जन्मले की थोड्याच दिवसांत त्यास चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा देतात. आमच्या मराठी प्रार्थनाग्रंथांत त्यास स्नानसंस्कार म्हणतात. ह्या संस्कारात काही प्रश्न विचारले जातात. पापाचा व सैतानाचा तू त्याग करतोस काय, असा त्यातील एका भागाचा आशय, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांवर तुझी श्रद्धा आहे काय, असा दुसऱ्या भागाचा. मूल तर बोलू शकत नाही. त्याच्या वतीने आईबाप आणि धर्मपिता व धर्ममाता उत्तर देतात. म्हणजे माझ्या आयुष्यातील सर्वांत मोठे वचन मी दिले तेव्हा बहुधा झोपलेलो होतो, नाहीतर डोक्यावर गार पाणी पडले म्हणून रडत होतो! ह्यावर आमच्याच समाजातील चिकित्सक तरुण हसतात, आणि त्यांचे हसणे अगदीच वावगे नाही. दुसऱ्याने आपल्या नावाने केलेल्या कबुलीने मी कसा बांधला जाईन, हा प्रश्न न्यायाचाच आहे.

त्याचे उत्तर ईस्टरच्या आदल्या रात्री मिळते. त्या रात्री चर्चबाहेर अंगणात विस्तव पेटवितात; त्यावर एक मोठी मेणबत्ती पाजळून ती अंधारलेल्या चर्चमध्ये आणतात; तिच्यापासून सर्व लोक आपापल्या हातातील लहान मेणबत्त्या पेटवून घेतात. मग धर्मगुरू लहानपणीचे तेच प्रश्न पुन्हा विचारतात, आणि ह्या खेपेस ज्याचे त्याने उत्तर द्यावयाचे असते. त्यानंतर लोकांवर पवित्र पाणी शिंपडतात. आज आम्हांला हे सारे पुरातन वाटते. पण त्यात लोकांनी वचन पुन्हा देण्याचा जो भाग आहे तो त्या विधीत नवाच आहे. कित्येक शतके हा विधी शनिवारी सकाळी, बाहेर लखलखीत ऊन असताना, जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये लॅटिन भाषेत उरकला जात असे. पोप बारावे पायस ह्यांनी 1951 साली तो पुन्हा रात्री करण्याची मोकळीक दिली व त्यात लोकांनी वचन देण्याचा भाग घातला. 1956 पासून ही नवी रचना सर्वत्र लागू झाली. विशेष असे की बाकीचा विधी लॅटिनमध्ये असतानाही एवढा भाग लोकांच्या स्वभाषेत करण्यास त्याच वेळी परवानगी मिळाली. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने 1963 साली उपासनेत लोकभाषेस वाट करून दिली, त्याच्या पूर्वीची ही गोष्ट आहे. मला ह्यात मोठा विवेक दिसतो. स्तोत्रे न कळणाऱ्या भाषेत ऐकता येतील. वचन मात्र न कळणाऱ्या भाषेत देता येत नाही.

बाप्तिस्म्याचे वचन सर्वांचे. परंतु काही संसारी माणसे ह्याहून अधिक काही आपण होऊन पत्करतात. तेराव्या शतकात असिसीच्या संत फ्रान्सिसपाशी अशी पुष्कळ माणसे आली, की ज्यांना त्याच्यासारखे जगावयाचे होते. पण घर सोडणे त्यांना शक्य नव्हते, किंवा योग्य नव्हते. अशा संसारी स्त्रीपुरुषांच्या जीवनाची नियमावली 1221 पासून आढळते. पोप चौथे निकोलस ह्यांनी 1289 साली तीस अधिकृत रूप दिले. भिक्षूंचा पहिला संघ, संन्यासिनींचा दुसरा आणि संसारी लोकांचा तिसरा, म्हणून त्याचे नाव तिसरा संघ पडले. पोप तेरावे लिओ ह्यांनी 1883 मध्ये त्याचे नियम सोपे केले, आणि सध्या चालू असलेली नियमावली पोप सहावे पॉल ह्यांनी 1978 साली दिली. हिच्यानुसार उमेदवारास आधी शिक्षणाचा काळ काढावा लागतो. मग वाटल्यास एकेका वर्षापुरते वचन देता येते व वर्षाच्या शेवटी ते नवे करता येते. असे एकूण तीन वर्षांपर्यंतच चालते. त्यानंतर मात्र जन्माचे वचन द्यावयाचे, नाहीतर नम्रपणे घरी जावयाचे. हा तीन वर्षांचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. उमेदवारी जन्मभर चालू ठेवणारी माणसे आपण सर्वच क्षेत्रांत पाहतो. जन्माचे वचन दिल्यावरही कित्येक ठिकाणी 4 ऑक्टोबरला, संत फ्रान्सिसच्या सणास, सभासद एकत्र जमून त्या वचनाची उजळणी करतात.

माझ्या एका आत्याच्या कमरेला, लुगड्याच्या आत, गाठी मारलेली एक दोरी असे. लिओच्या नियमावलीप्रमाणे चालणाऱ्या सभासदांची ती खूण. त्या नियमाप्रमाणे रोज ठरलेल्या प्रार्थना बारा-बारा वेळा म्हणावयाच्या असत. आत्या त्या भाजीच्या वाडीत पाणी लावताना म्हणत असे. वाफा भरून पाणी दुसऱ्या वाफ्यात गेले की तिची एक प्रार्थना झालेली असे, आणि ह्या हिशेबात तिची चूक झालेली आम्ही कधी पाहिली नाही.

ह्या तिसऱ्या संघाचा आणि वसईचा एक जुना संबंध आहे. गोन्सालो गार्सिया हा वसईत 1557 च्या सुमारास जन्मला. त्याचा बाप पोर्तुगीज आणि आई इकडचीच. जपानात त्याने आधी धर्मशिक्षकाचे काम केले, मग व्यापार केला, आणि शेवटी मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला. जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे 1593 साली तो दुभाषा म्हणून पुन्हा जपानात गेला, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे त्यास क्रूसावर देऊन मारण्यात आले. 1862 साली त्यास संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. गास येथील चर्च त्याच्याच नावाचे आहे. इतके आमच्याकडच्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्याच्याबरोबर आणखी पंचवीस जण मारले गेले, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात असते. एकंदर 26 पैकी सहा फ्रान्सिस्कन व तीन जेझुइट. उरलेले 17 हे जपानी संसारी लोक, तिसऱ्या संघाचे म्हणून ओळखले जाणारे. त्यांत एक वैद्य होता, धनुष्ये करणारा एक कारागीर होता, सुतार होता, स्वयंपाकी होता, आणि बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. क्योतो येथे फ्रान्सिस्कनांनी गरिबांसाठी व महारोग्यांसाठी जी रुग्णालये काढली होती, त्यांच्याशी ह्यांपैकी कित्येकांचा संबंध होता. आमच्या वेद्यांवर गोन्सालोची मूर्ती असते. त्या स्वयंपाक्याची असती तर मला अधिक आनंद झाला असता.

पुढे 1614 साली जपानात ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली आणि धर्मगुरू नाहीसे झाले. सुमारे अडीचशे वर्षांनी, 1865 च्या मार्च महिन्यात, नागासाकीला नव्याने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये काही खेडूत आले व त्यांनी फादर पेतीजाँ ह्या फ्रेंच धर्मगुरूस हळूच सांगितले, की तुमचे अंतःकरण तेच आमचे. इतका काळ ह्या लोकांनी धर्म सांभाळला तो संसारी माणसांच्याच बळावर. गावात एकाकडे पंचांग सांभाळण्याचे काम असे, म्हणजे कोणता सण कोणत्या दिवशी येतो ते त्याने सांगावयाचे. दुसऱ्याकडे मुलांना बाप्तिस्मा देण्याचे. आपल्या कोकणातही एक लहानसा प्रसंग ह्याच जातीचा घडला. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीज मिशनरी संघ निघून गेले, कित्येक चर्चे ओस पडली व थोडेसे देशी धर्मगुरू मागे राहिले. त्यांच्या व घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आधाराने आमचे पूर्वज टिकले. जपानातल्यासारखा छळ इकडे झाला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दोन गोष्टींची सरमिसळ करून आपले दुःख मोठे करण्याची हौस मला नाही.

आता जव्हार-मोखाड्याकडे वळतो. 1998 साली मुंबईच्या धर्मप्रांतातून वसईचा नवा धर्मप्रांत निघाला, त्यात हे दोन्ही तालुके मोडतात. 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. जव्हार म्हणजे मुकणे राजांचे जुने संस्थान, 1948 साली विलीन झालेले. तेथून मोखाड्यावरून रस्ता पुढे त्र्यंबककडे जातो. पाऊस अतोनात, जमीन उतरणीची, पिके भात, नाचणी व वरई. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी समाजांची. 1992-93 साली वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा हे नाव देशभर झाले. कॅथलिक म्हणाल तर आम्ही इकडे तिकडे विखुरलेले: कोणी मास्तर, कोणी परिचारिका, कोणी कचेरीतला कारकून. आठवड्याची मिस्सा वसईत घंटेच्या आवाजावर मिळते. येथे तिच्यासाठी एस. टी. ची वाट पाहावी लागे, आणि पावसाळ्यात तीही बेभरवशाची.

अशा ठिकाणी संसारी माणसाच्या वचनाचा खरा कस लागतो, असे माझे मत झाले आहे. वसईत चांगले वागण्यास शेजारी मदत करतात. रविवारी चर्चला गेला नाहीत तर सोमवारी चार जण विचारतात, बरे नाही काय म्हणून. मोखाड्याच्या पाड्यावर विचारणारे कोणी नाही. तेथे वचनातील 'त्याग' हा शब्द मोठा साधा होऊन समोर उभा राहतो. एकशिक्षकी शाळा, पालकांना वाचता येत नाही, तपासणीस वर्षातून एकदा येणार. गुरुवारी दुपारी कुलूप घालून मास्तर घरी गेला आणि हजेरीपटावर शुक्रवार-शनिवारच्या खुणा आधीच करून ठेवल्या, तर त्यास धरणारे कोण? पोषण-आहाराच्या तांदळाचे पोते शाळेतच असते. अंगणवाडीच्या वहीत बालकाचे वजन किलोभर अधिक लिहिले, तर वरिष्ठही खूष होतात. सैतान म्हणजे शिंगे-शेपटीचा कोणी, अशी कल्पना घेऊन जो येथे येईल त्यास तो कधीच भेटणार नाही. त्याची गाठ हजेरीपटावर पडते. अशा वेळी वर्षातून एकदा, हातात मेणबत्ती घेऊन, चारचौघांत, त्याग करतोस काय ह्या प्रश्नास होय म्हणून आलेल्या माणसाला थोडीशी अडचण होते. मला वाटते, ही अडचण व्हावी हाच त्या प्रश्नाचा पुष्कळसा उपयोग आहे.

ह्याच ठिकाणी दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दिवाळी झाली की आमच्या शाळेचा पट व वर्ग ह्यांची फारकत होई. पटावर 40 नावे आणि समोर दहा-बारा मुले. बाकीची आईबापांबरोबर भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली. होळीला त्यातली काही गावी दिसत, आणि पुन्हा जात ती पाऊस तोंडावर येईपर्यंत. ह्या माणसांचेही एक वचन दर वर्षी नवे होते, बरे का. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की मुकादम येतो, उचल देतो, अंगठा घेतो, आणि पुढचा हंगाम बांधला जातो. पूर्वी तर लग्नासाठी कर्ज काढून सावकाराकडे वर्षानुवर्षे राबणाऱ्यास ठाणे जिल्ह्यात लग्नगडी असे नावच होते. त्या वेठीविरुद्ध वारल्यांनी 1945 साली केलेला उठाव प्रसिद्ध आहे, आणि वेठबिगार नष्ट करणारा कायदा 1976 साली झाला. तथापि उचल गेली नाही. वचन हा शब्द पवित्र आहे असे जेव्हा आम्ही चर्चमध्ये म्हणतो, तेव्हा भुकेने घ्यावयास लावलेली ही दुसरी वचनेही आपल्या शेजारीच आहेत, हे विसरता कामा नये.

एका वर्षी ईस्टरसाठी वसईस गेलो असता गावाबाहेरच्या भट्टीवर माझ्याच वर्गातली तीन मुले दिसली. तिघेही ओल्या विटा उचलून ओळीने मांडीत होते. त्यांच्या आईस मी विचारले, की मुलांना मागे का ठेवले नाही. ती म्हणाली, "गुरुजी, पोरां मागं ठेवली त त्यांना खावाला कोण घालील?" ह्यास उत्तर असते तर मी दिले असते. त्या रात्री चर्चमधून बाहेर पडताना मी ही हकीकत आमच्या आळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थास सांगितली. मोठे धार्मिक गृहस्थ. ते जरा रागाने म्हणाले, "मास्तर, आम्ही काय भट्टीचे मालक आहोत?" मी म्हणालो, "नाही, बाबा. पण तुमचे नवे घर बांधून होत आले आहे ना?" ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांची सून आणि तिच्या दोन मैत्रिणी पाट्या-पेन्सिली घेऊन त्या भट्टीवर गेल्या, व पाऊस लागेपर्यंत दुपारी तासभर जात राहिल्या. म्हाताऱ्याने पाठविले की त्या आपण होऊन गेल्या, हे मी विचारले नाही. विधायक संसद ह्या संस्थेने वीटभट्ट्यांवर ज्या भोंगाशाळा चालविल्या, त्यांच्या मानाने हे अगदीच चिमूटभर काम. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांची गवती झोपडी. मी ते येथे सांगितले ते एवढ्यासाठी, की वचनाची उजळणी झाल्यावर आठ दिवसांच्या आत त्या तिघींच्या हातून काहीतरी घडले.

कोणी शंका घेईल, की मास्तर, हे सारे तुमच्या लोकांची संख्या वाढविण्यासाठी तर नव्हे? आदिवासी मुलुखात ख्रिस्ती माणूस दिसला की ही शंका येते, आणि ती मनात ठेवण्यापेक्षा बोललेली बरी. जे वचन मी पुन्हा देतो ते माझेच आहे. ते दुसऱ्या कोणाकडून घ्यावयाचे नाही. माझ्या शाळेतील मुलांचे देव वेगळे होते. वाघबारशीला ती वाघोबाला पुजण्यास जात आणि मोखाड्याच्या बोहाड्यात त्यांचे बापचुलते रात्रभर मुखवटे घालून नाचत. कित्येक सोंगे घराण्याकडे परंपरेने चालत आलेली. वर्षभर शेतात राबणारा माणूस त्या रात्री आपल्या घराण्याचा मुखवटा काढतो, डोक्यावर चढवितो, आणि आपला वाटा पुरा करतो. मी तो बोहाडा अनेकदा मुलांबरोबर बसून पाहिला. तसेच पौष महिन्यात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेस निघालेल्या दिंड्या आमच्या शाळेवरून जात. एका वर्षी एक वृद्ध वारकरी पाणी पिण्यास ओट्यावर बसला. किती वर्षे वारी करता, असे मी विचारले. "मोजली नाहीत," तो म्हणाला, "मोजली की पुरे झाली असं वाटाया लागतं." मी ते उत्तर वहीत लिहून ठेवले.

उजळणी यांत्रिक होते, हा मोठा आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. मी जन्मभर पाढे म्हणवून घेतले. चाळीस मुले एका सुरात 'बे एके बे' म्हणू लागली की त्यातली किती नुसते ओठ हलवितात, हे मास्तराला लांबूनही कळते. ईस्टरच्या रात्रीही प्रश्न सर्वांना एकदम विचारला जातो आणि भरल्या चर्चमधून 'होय' चा मोठा आवाज उठतो. त्या आवाजात आपला आवाज लपविणे फार सोपे. ह्यावर एका संघाने काढलेली युक्ती मला आवडते. डब्लिन शहरात फ्रँक डफ ह्या सरकारी नोकराने 1921 साली लीजन ऑफ मेरी नावाचा संसारी लोकांचा संघ काढला. त्याच्या शाखा जगभर आहेत, आमच्या वसईकडेही आहेत. दर वर्षी 25 मार्चच्या सुमारास त्याचे सर्व सभासद एकत्र जमतात. मग एकेकटा उठून पुढे जातो, संघाच्या ध्वजदंडावर हात ठेवतो, आणि आपण मरियामातेला वाहिलेले आहोत असे एका वाक्यात म्हणून परत येतो. तेथे ओठ हलवून भागत नाही. भिडस्त माणसांचे पाय लटपटतात, ते मी पाहिले आहे.

ह्याच संघाचा आणखी एक नियम आहे, तो आपणांस चमत्कारिक वाटेल. सभासदांनी जोडीजोडीने लोकांच्या घरी जावयाचे. परंतु वस्तू किंवा पैसा म्हणून काही द्यावयाचे नाही. जव्हारसारख्या ठिकाणी हा नियम कठोर वाटतो, आणि मला तो बरेच दिवस पटला नव्हता. परंतु शहरांतून येणाऱ्या मोटारी मी पाहिल्या आहेत. घोंगड्या वाटतात, मुलांना ओळीत उभे करून छायाचित्र घेतात, आणि दिवे लागण्यापूर्वी घाट उतरतात. घोंगडी उबदार असते, हे खरे. पण ज्याच्याजवळ देण्यास काहीच नाही त्यास बसून बोलावे लागते, दुखणे ऐकावे लागते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यावे लागते. तरी उपाशी मुलासमोर हा नियम मी पाळला नसता. माझ्या मते त्या संघातील शहाण्या माणसांनीही पाळू नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. नोकरीमुळे ज्यांना ईस्टरच्या रात्री चर्चला जाता येत नाही त्यांनी काय करावे, असे मला आमच्यातल्या एका परिचारिकेने विचारले होते. तिची त्या रात्री रुग्णालयात पाळी होती. कॅथलिक माणूस चर्चमध्ये शिरताना दारापाशी ठेवलेल्या पवित्र पाण्यात बोट बुडवून कपाळावर क्रूसाची खूण करतो, ती बाप्तिस्म्याचीच आठवण. म्हणजे ही उजळणी रोजही करता येते. तिने घरून पवित्र पाण्याची लहानशी बाटली आणली, आणि मध्यरात्री दोन खाटांची पाहणी झाल्यावर औषधांच्या कपाटापाशी उभी राहून सहाही प्रश्न स्वतःस विचारले. पाचव्या प्रश्नाला बाळंतिणीची हाक आली. सहावा पहाटे झाला, असे तिने मला सांगितले.

माझ्यापुरते म्हणाल, तर त्या रात्रीची उरलेली मेणबत्ती मी दर वर्षी वसईहून मोखाड्यास घेऊन जात असे. पावसाळ्यात तेथे वीज वारंवार जाई. मग ती मेणबत्ती लावून मुलांच्या वह्या तपासावयाच्या. काटकसरीने वापरली तर ती श्रावणापर्यंत पुरत असे.